उजव्या हाताची झीज

कसब्यातल्या आमच्या आळीत खांडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की एका म्हाताऱ्याला मधोमध बसवतात आणि धंद्यातल्या चार गोष्टी सांगायला लावतात. हा मान मी आजवर दुसऱ्यांना मिळताना पाहिला. यंदा मंडळी माझ्याकडे आली, कारण माझ्यापेक्षा म्हातारं आता आळीत कुणी उरलेलं नाही. मी म्हटलं, सांगणार नाही, लिहून देतो. तोंडी सांगायला बसलं की दर वाक्याला कुणीतरी "तसं नव्हतं ते" म्हणून मध्ये पडतो आणि मग माझं डोकं फिरतं. कागदाशी कुणाला भांडता येत नाही.

शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी पोटात ठेवून मरायची माझी इच्छा नाही. अर्धी आळीला ठाऊक आहे, अर्धी फक्त मला. आज ती पुरी सांगून मोकळा होतो.

आळीबाहेरचे पाहुणेही ऐकायला असतात, म्हणून आधी धंदा सांगतो. ओतारी धातू ओततो, तांबट ठोकून भांडं घडवतो. दोघांचंही काम संपलं की माझं सुरू होतं. नवी कोरी पितळेची वस्तू माझ्याकडे येते आणि शंभर वर्षांची होऊन परत जाते. मी धातूवर जुनेपण चढवतो. आळीत याला "काळं फासणं" म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकाला तरी ते जमतं का, हे मी पुष्कळदा विचारलेलं आहे.

मी धायरीचा. आईबरोबर भाजीची पाटी घेऊन वाड्यासमोरच्या मंडईत येत असे. भाव करायला तिथेच शिकलो, आणि पुढे लिहायलाही, एका वाण्याच्या ओट्यावर. आई गेल्यावर या आळीत बाळशेटांच्या कारखान्यात लागलो. बाळशेट म्हणजे आळीचे चौधरी, आमच्या धंद्यातले म्होरके. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा चौधरी आहे आणि हा कागद बहुतेक तोच वाचून दाखवेल. त्याने इथे जरा घसा खाकरून घ्यावा आणि पुढे वाचावं.

मी डावखुरा. ऐरणींच्या ओळीत तांबट मांडीला मांडी लावून बसतात. सगळ्यांचे हातोडे एका बाजूने वर जातात, माझा दुसऱ्या बाजूने जाई. पहिल्याच आठवड्यात माझा आणि शेजाऱ्याचा हातोडा हवेत भिडला आणि एक घागर चेपली. बाळशेट उठून आले. घागरीकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"या हाताने जेवतोस का रे?"

"नाही, जेवतो उजव्यानेच."

"मग देवाची भांडी तरी या हाताने कशी घडवशील? ऊठ तिथून. मोडीची भांडी घासायला बस."

मोड म्हणजे लोकांनी बदल्यात आणून टाकलेली जुनी भांडी. वितळवण्याआधी ती साफ करावी लागतात. सहा वर्षं मी चिंच, मीठ आणि राख घेऊन ती घासत बसलो. बाळशेटांनी मला शिक्षा दिली, पण त्या सहा वर्षांत एवढी जुनी भांडी माझ्या हाताखालून गेली, की कोणतं कुठे काळं पडतं, कुठे झिजतं आणि कशाने, हे मला ठोकणाऱ्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त कळू लागलं. तांब्याचा काठ ओठांनी झिजतो. पळीची दांडी दोन बोटांच्या मध्ये झिजते. घंगाळाची कडी एकाच बाजूने पातळ होते, कारण घरातली माणसं ते नेहमी एकाच वाटेने ओढतात. मग मनात आलं, जे रोज काढतो आहे ते घालता का येऊ नये? बाळशेटांना रामराम केला आणि आळीच्या टोकाला एक पडवी भाड्याने घेतली.

आळीने मला धंद्यातला मानलं नाही. खांडेनवमीला सगळ्यांचे हातोडे, सांडशी, ऐरणी ओळीने मांडत, त्यांना झेंडूची माळ घालत. माझा रांजण आणि माझे कुंचले ओळीत नसत. "ती काय हत्यारं आहेत का?" असं बाळशेट म्हणत. मी घरीच पूजा करी. गिऱ्हाईक मात्र याच लोकांना "तो डावऱ्या कुठे बसतो हो?" असं विचारत माझ्याकडे येई, आणि वाट सांगताना त्यांचे चेहरे कसे होत, ते मी पडवीतून पाहत असे.

काम असं. आधी चिंच आणि मीठ लावून वस्तूवरचा नवा तेलकटपणा काढायचा. मग गोमूत्राच्या वाफेवर रांजणात टांगून ठेवायची. नंतर नवसागर आणि मोरचुदाचं पाणी कुंचल्याने द्यायचं, शेणीच्या मंद आचेवर धरायची, भाताच्या पेंढ्याचा धूर द्यायचा. एवढं कुणालाही करता येतं. खरं काम त्यापुढे आहे. जे चढवलं ते नेमक्या जागी पुन्हा उतरवायचं. जुनी वस्तू नुसती काळी नसते. खाचेत काळी असते आणि उंचवट्यावर उजळ असते. कुणाचा हात कुठे लागत आला, हे तिच्यावर दिसलं पाहिजे.

हे गिऱ्हाइकांना पटवणं अवघड जाई. सदाशिव पेठेत नवं घर बांधलेले एक गृहस्थ नवी समई घेऊन आले. म्हणाले, "पणजोबांची वाटली पाहिजे. चांगली हिरवी करा."

तांब्यापितळेवर चढणाऱ्या हिरव्या थराला आम्ही जंगाल म्हणतो. मी विचारलं, "पणजोबांपासून समई रोज लागते का घरात?"

"म्हणजे काय? रोज तिन्हीसांजेला."

"मग हिरवी कशी होईल? लागती समई सणासुदीला तरी घासतात. हिरवी झाली म्हणजे आपल्या घरच्या बायकांनी चार पिढ्या तिला हात लावला नाही. हे चारचौघांत सांगायचं असेल तर करतो हिरवी."

गृहस्थांनी समई उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "हिरवीचे काय घ्याल?"

"निम्मे. तिला अक्कल लागत नाही."

ते पुऱ्या दामाची, बिनहिरवी समई घेऊन गेले.

दुसरे एक, फौजेतून आलो म्हणून सांगणारे. नवी तलवार, पितळी मूठ. मूठ लढाया पाहिलेली दिसली पाहिजे म्हणाले, सोयरीक जुळवायची होती. मी म्हटलं, "धरून दाखवा, म्हणजे हात कुठे बसतो ते कळेल." त्यांनी धरली. मी म्हणालो, "अशी धरून झिजवली तर मुलीकडचे म्हणतील, जावईबापू लढाईभर वरण ढवळत होते." ते चिडले, मीही चिडलो, मोठं भांडण झालं. आठ दिवसांनी ते एका खऱ्या लढवय्या मित्राला घेऊन आले. त्याने मूठ धरली, मी त्याच्या बोटांभोवती कोळशाने रेघ मारली आणि तिथे झिजवली. सोयरीक जुळली असं ऐकलं. त्या मुलीचा विचार अजून कधीकधी मनात येतो.

एक काम मात्र मी कधी घेतलं नाही. ताम्रपट. एक मनुष्य कोरलेला तांब्याचा पत्रा घेऊन आला आणि "जुना करा" म्हणाला. कोणाला कोणतं गाव इनाम दिलं ते त्यावर लिहिलेलं. त्याला मी पायरी उतरेपर्यंत शिव्या दिल्या. खोट्या लेखाला हात तोडतात, आणि माझ्याजवळ कामाचा हात एकच आहे. तेव्हापासून माझा नेम ठरला, अक्षर असेल त्या वस्तूला हात लावायचा नाही. या नेमाचा मला मोठा अभिमान होता. बिनअक्षराची वस्तूसुद्धा लेखाचं काम करते, हे मला उशिरा कळलं.

आता ती गोष्ट. याला अठरा वर्षं झाली.

सिंहगडाच्या वाटेवरच्या एका गावचा गुरव माझ्याकडे आला. गावाचं नाव सांगत नाही, गुरवाला आबा म्हणतो. पंच्यातून त्याने एक नवा ओतलेला पितळी मुखवटा काढला. देवीचा मुखवटा, दोन ओंजळींएवढा, नाकीडोळी नीटस.

"आमच्या देवीचा जुना मुखवटा धाडीत गेला," आबा म्हणाला. "नवा बसवला तर गावाचं मन धजायचं न्हाई. त्यांला कळू नये, येवढंच हाय."

"किती जुना पाहिजे?"

"आज्ज्याच्या आज्ज्यापासूनचा."

मी पाचपट दाम सांगितलं. तो थोडाही घासाघीस न करता हो म्हणाला. मंडईत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला हवा होता. खरं म्हणजे कळला होता. शंका आली म्हणूनच तर मी पाचपट सांगितलं. पण मुखवट्यावर अक्षर नव्हतं, आणि माझा नेम अक्षराचा होता.

मी त्या मुखवट्यावर जीव ओतला. खाचांत काळं बसवलं. कानामागे तूप, हळद आणि कुंकू एकावर एक दाबून पिढ्यांचा थर केला. हिरवं कुठेही नाही, कारण रोज पूजा होणाऱ्या देवीला जंगाल चढत नाही. मग आठ दिवस मांडीवर घेऊन चिंचेने आणि राखेने घासत बसलो. एक गाल, त्या बाजूची नाकपुडी आणि डोळा अगदी गुळगुळीत झाला. दुसरी बाजू जरा ठसठशीत राहिली, जशी खऱ्या मुखवट्याची राहते. मी अनेक मुखवटे पाहिले होते, एक बाजू जास्त झिजते हे मला माहीत होतं. आबा घेऊन गेला तेव्हा मला वाईट वाटलं. एवढं चांगलं काम, आणि ते माझं आहे हे कुणाला कळणारच नाही.

पाच-सहा महिन्यांनी बोलावणं आलं. एका देवळाच्या सभामंडपात पंच बसले होते. एका गावच्या गुरवकीचा, म्हणजे देवीच्या पूजेच्या वंशपरंपरेच्या हक्काचा तंटा होता. दोन्ही पक्षांनी एकेक मुखवटा पुढे केला होता. ज्याचा मुखवटा मूळचा, त्याची गुरवकी, असं गोतसभेत आधीच ठरलं होतं. मुखवटे पारखायला आळीतून तीन माणसं बोलावली होती, एक ओतारी, एक तांबट आणि एक रंग जाणणारा. तांबट म्हणून अर्थातच बाळशेट. मी आत शिरलो आणि पंचांपुढे पाटावर माझा मुखवटा दिसला. त्याच्यामागे आबा बसला होता. त्याने मला ओळख दिली नाही.

दुसऱ्या बाजूला राधाक्का होती. साठीची विधवा, आबाची चुलत भावजय. तिचा मुलगा फौजेबरोबर शिंग फुंकायला उत्तरेकडे गेला होता आणि तीन वर्षं त्याची खबर नव्हती. तो येईपर्यंत ती मुखवटा घासून पुजत होती, देवीच्या नैवेद्यावर आणि गुरवकीच्या धान्यावर जगत होती. हक्क गेला असता तर तिला त्या गावात राहायला कारण उरलं नसतं. आणि मुलगा परत आलाच, तर तो कुठल्या दारात येणार?

पंचांनी आधी बाळशेटांना विचारलं. त्यांनी दोन्ही मुखवटे उचलले, टिचकी मारून नाद ऐकला, उन्हाकडे धरले. मग माझ्या मुखवट्यावर बोट ठेवलं.

"जुना हा. काळपट बघा केवढा मुरलाय. बाईंचा नुसता चकचकतोय. तो मागाहून केलेला." ओताऱ्याने मान हलवली. बाळशेटांपुढे तो दुसरं काही करत नसे.

आता खोटं सांगत नाही. ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, आणि मग ऊर भरून आला. ज्यांनी मला ऐरणीवरून उठवलं, त्यांनी माझं काम भर सभेत शंभर वर्षांचं ठरवलं होतं. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. मी सुटलो असतो, आबा जिंकला असता, आणि बाळशेट जन्मभर फसलेले राहिले असते. ते फक्त मला माहीत असतं.

राधाक्का बाळशेटांना हळूच म्हणाली, "चकचकणार नाय तर काय व्हईल, दादा? रोज घासत्ये. लगीन हून आल्ये तवा या बाजूचा डोळा दिसत हुता. माज्या अंगठ्यानं मिटला."

आबा हसला. "बघा, ऐका. म्हातारीनं देवी पुसून टाकली. असल्या हाताला पूजा द्यायची का?"

असल्या हाताला. ते शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. धर्म, न्याय असलं काही मनात आलं नव्हतं, मला उगाच मोठेपणा नको. मला ती चेपलेली घागर आठवली. मी राधाक्काच्या मुखवट्याकडे वाकून पाहिलं, कोणता डोळा म्हणते ते बघायला. मग माझ्या मुखवट्याकडे पाहिलं. दोन्हींची एकेक बाजू झिजलेली होती. पण ती एकच बाजू नव्हती.

पंचांमधले वडील गृहस्थ मला म्हणाले, "रंगाचं तुम्ही सांगायचं. बोला."

"बोलतो," मी म्हणालो. "पण आधी अभय पाहिजे."

"कशाबद्दल?"

"ते बोलल्यावर कळेल."

"न पाहिलेला माल विकता?"

"एरवी मीही असा माल घेत नाही. पण हा घेतला नाही तर आपला निवाडा चुकेल."

त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "जिवाला आणि हाताला धक्का लागणार नाही. दंड मात्र होईल, अपराध असला तर."

"दंड पैशाचा नको."

"आधी बोलाल का?"

"आणखी एक. बाळशेट चुकले असं मी दाखवून दिलं, तर माझा रांजण खांडेनवमीला ओळीत मांडायचा."

वडील पंच म्हणाले, "हे आमच्या हातात नाही." पण बाळशेटांना आपल्या पारखेची खात्री होती आणि माझा राग आला होता. ते म्हणाले, "दाखव. माझ्या हाताने मांडतो." चार माणसांदेखत म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

मी चिंच आणि राख मागवली. राधाक्काला म्हटलं, "रोज घासता तशी आपली देवी घासा." ती खाली बसली, मुखवटा मांडीवर घेतला. डाव्या हाताने एक बाजू धरली, उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या गालावर गेला. तो त्या गुळगुळीत खळग्यात असा बसला, की वेगळं काही सांगायची गरज नव्हती. अंगठा गालावरून नाकाकडे, नाकावरून मिटलेल्या डोळ्याकडे जात होता.

"आता हा घ्या," मी माझा मुखवटा तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तसाच धरला. अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग वर पाहिलं. "यात अंगठा बसत नाय. हितं समदं कोरंच हाय. झिजल्याली बाजू माज्या धरायच्या हाताखाली जातीया."

मी आबाला म्हटलं, "तुमचा आहे ना? तुम्ही घासून दाखवा." त्याला पुढे यावंच लागलं. त्याचाही अंगठा ठसठशीत गालावर गेला, आणि झिजलेला गाल त्याच्या डाव्या तळव्याखाली झाकला गेला. त्याने हात बदलून पाहिला. मग मंडपात सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण देवीला कोणी डाव्या हाताने पुजत नाही.

वडील पंच म्हणाले, "मग चार पिढ्या हा झिजवला कुणी?"

"चार पिढ्या नाही. आठ दिवस. आणि एका डावखुऱ्याने."

बाळशेट माझ्याकडे पाहत होते. आळीत डावखुरा एकच होता. मी मुखवटा मांडीवर घेतला, उजव्या हाताने धरला आणि डावा अंगठा गालावर ठेवला. तो बरोबर बसला.

इतक्या वर्षांत इतक्या वस्तू मी जुन्या केल्या. समईवर, मुठीवर कुणाचा हात लागेल याचा विचार केला. देवीच्या वेळी माझा स्वतःचा हात विसरलो. घासायला बसलो की हाताकडे लक्ष जात नाही, तो आपला असतो.

पुढचं थोडक्यात. गुरवकी राधाक्काकडे राहिली. आबाचं काय झालं ते सांगायला मी बांधलेला नाही. तो मेला तेव्हा गावातच होता, एवढं पुरे. माझा मुखवटा मात्र अडचणीचा झाला. पंच म्हणाले, वितळवा. राधाक्का उठून उभी राहिली.

"वितळवू नगा. आबानं हिची स्थापना केलीया, कुंकू लागलंय हिला. तिचा काय गुन्हा?"

मंडपात जरा कुजबुज झाली. मग वडील पंचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो सौद्यात समोरच्याला कोंडीत पकडल्यावर माझ्या चेहऱ्यावर येतो. "दंड पैशाचा नको म्हणालात ना? मग ही तुमच्या घरी राहील. रोज पूजा तुम्ही स्वतः करायची, स्वतः घासायची. उजव्या हाताने. जन्मभर."

मी म्हटलं, "निदान नवरात्रापुरतं..."

"रोज."

हा सौदा मी हरलो. आयुष्यात इतका पुरा हरलेला दुसरा आठवत नाही.

पहिली दोन वर्षं मी रोज चिडत होतो. उजव्या अंगठ्यात जोर नाही, राख डोळ्यात जाई, चिंच नखात. बायको पदराआड हसे. देवाचं काम म्हणून घेत नव्हतो, काम नीट होत नाही म्हणून चिडत होतो. मग हात वळला. देवतांच्या वस्तूंवर जुनेपण चढवायचं मी सोडलं. समया, मुठी, पानदानं चालू ठेवली, पण गिऱ्हाइकाला एक प्रश्न जास्त विचारू लागलो: हे कुणाला दाखवायचं आहे? उत्तर द्यायला वेळ लागला की वस्तू परत. यामुळे धंदा कमी झाला. झोप वाढली.

त्या वर्षीच्या खांडेनवमीला बाळशेटांनी शब्द पाळला. माझा रांजण त्यांनी स्वतः उचलून आणला आणि ओळीत मांडला, अगदी डाव्या टोकाला, भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता. माळ पुरली नाही, म्हणून दोन फुलं ठेवली. आपण चुकलो असं ते कधीच म्हणाले नाहीत. मरेपर्यंत सांगत राहिले, की दोन्ही मुखवटे जुनेच होते आणि पंचांना भुलवलं गेलं. यावर मी त्यांच्याशी निदान दहा वेळा भांडलो. त्यांच्या मुलाने हे वाक्य गाळू नये. रांजण अजूनही डाव्या टोकालाच मांडतात. मी काही म्हणत नाही. म्हणजे म्हटलं होतं, पण आता म्हणत नाही.

राधाक्काचा मुलगा पाचव्या वर्षी परत आला, एका पायाने अधू होऊन. घर होतं, देवी होती, दार होतं. राधाक्का जत्रेनंतर मला हळद पाठवत असे. ती गेल्यावर आता तिची सून पाठवते.

हे सगळं मी आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. दर खांडेनवमीच्या सकाळी मी तो मुखवटा खिडकीच्या तिरप्या उन्हात धरून पाहतो. एका बाजूला माझ्या आठ दिवसांच्या लबाडीची झीज, दुसऱ्या बाजूला रोजच्या पूजेची. लबाडी नेहमी पुढे असे. दरवर्षी थोडं अंतर कमी होई, पण दिसे. मी कुणाला सांगितलं नाही, पण मी ते मोजत होतो. जितकं आयुष्य उरलं आहे तितक्यात भरून निघेल की नाही, याची मला रोज धास्ती होती.

आज सकाळी पाहिला. दोन्ही डोळे मिटलेले आहेत. उलटा धरून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला, शेवटी माझ्या सुनेला हाक मारली आणि डोळे मिटून मुखवटा तिच्या हातात दिला. म्हटलं, "फिरवून फिरवून परत दे, आणि कोणती बाजू कुठली ते सांगू नकोस." तिने दिला. मी डावा अंगठा ठेवला, बसला. उजवा ठेवला, बसला. आधी कोणता ठेवायचा तेसुद्धा मला कळेना.

सून म्हणाली, "मामंजी, चहूकडून बघून झालं असेल तर द्या देवी इकडे. पूजेला उशीर होतोय."

मी म्हटलं, "थांब, मीच घासतो," आणि चिंच घ्यायला उजवा हात पुढे केला.